अमेरिकेतल्या एका काउंटीत कोरोना मदतीचे पैसे कुठल्या शेतावर किती गेले, हे स्वतः कसं शोधायचं

कोरोनात अमेरिकेने आपल्या शेतकऱ्यांना किती पैसे दिले यावर आपल्याकडे बरंच बोललं जातं, पण बोलणं सगळं मोठ्या आकड्यांचं असतं. २०२० या एका वर्षात तिथल्या शेतीला सरकारकडून थेट सुमारे ४६ अब्ज डॉलर गेले. कोरोनासाठीची मुख्य योजना म्हणजे सीएफएपी, कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम, तिच्यातून पुढचे टप्पे धरून एकूण सुमारे ३१ अब्ज. आता हे आकडे ऐकून काय कळतं? काहीच नाही. कळायला लागतं ते एक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घेऊन बसलं की, कारण तिथे पैसे कुणाच्या नावावर, कुठल्या तारखेला, किती गेले हे ओळीओळीने दिसतं आणि ते सगळं उघड आहे, कुणाकडे वशिला लावायला लागत नाही.

हा लेख त्यासाठीच आहे. आयोवातल्या एम्सच्या किंवा नेब्रास्कातल्या लिंकनच्या विद्यापीठात अ‍ॅग्री इकॉनॉमिक्स शिकायला गेलेली आपली मुलं, शेतीवर लिहिणारे पत्रकार, आणि पीएम किसानच्या याद्या चाळून आपल्या गावात कोण राहिलं हे बघणारे कार्यकर्ते, या सगळ्यांना ही पद्धत उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. एक्सेल येत असेल तर पुरे.

उदाहरणाला आपण आयोवा राज्यातली सू काउंटी घेऊ. आयोवात ९९ काउंट्या, त्यातली ही वायव्य कोपऱ्यातली, बिग सू नदीच्या पलीकडे साउथ डकोटा. मुख्य गाव ऑरेंज सिटी, लोकसंख्या सुमारे ३६ हजार आणि डुकरं दहा लाखांच्या वर. शिवाय मका, सोयाबीन, गुरांचे फीडलॉट (खाऊ घालून वजन वाढवायचे वाडे), दूध, अंडी असं सगळं आहे, म्हणजे मदतीच्या जवळजवळ प्रत्येक नियमाचं उदाहरण एकाच काउंटीत सापडतं.

आधी काय घडलं ते डोक्यात पक्कं करा

डाउनलोडच्या मागे लगेच धावू नका. तारखा माहीत नसतील तर फाईलमधल्या ओळी नुसत्या ओळीच राहतात.

२०२० च्या एप्रिलमध्ये साउथ डकोटातल्या सू फॉल्सचा स्मिथफील्ड कंपनीचा डुकरांचा कत्तलखाना बंद झाला, मग मिनेसोटातल्या वर्दिंग्टनचा जेबीएसचा, मग आयोवातल्याच वॉटर्लूचा टायसनचा. कामगार आजारी पडत होते. डुक्कर ठरलेल्या वजनाला आलं की ते विकावंच लागतं, मागून पुढची बॅच येत असते, त्यामुळे आठवडाभर गिऱ्हाईक नाही म्हणजे गोठ्यात जागा नाही, आणि काही ठिकाणी लोकांना तयार जनावरं मारून पुरावी लागली. मक्याचं वेगळंच, लोक गाड्या चालवेनात म्हणून पेट्रोल खपेना आणि पेट्रोल खपेना म्हणून इथेनॉलचे कारखाने मका घेईनात. दूध तर शाळा आणि हॉटेलं बंद झाल्यामुळे काही भागांत गटारात गेलं.

२७ मार्च २०२० ला कोरोना मदतीचा केअर्स कायदा झाला. १७ एप्रिलला कृषिमंत्री सॉनी पर्ड्यू यांनी १९ अब्जांची योजना जाहीर केली, त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना आणि ३ अब्ज गरजूंना वाटायच्या अन्नाच्या पेट्यांसाठी. पहिल्या टप्प्याचे अर्ज २६ मे ते ११ सप्टेंबर २०२०. दुसऱ्या टप्प्याचे २१ सप्टेंबर ते ११ डिसेंबर २०२०. जानेवारी २०२१ मध्ये सरकार बदललं, काही गोष्टी थांबवल्या गेल्या, मार्चमध्ये नवे कृषिमंत्री टॉम विल्सॅक यांच्या खात्याने नवीन घोषणा केली, ५ एप्रिल २०२१ पासून दुसरा टप्पा परत उघडला आणि तो १२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालला. या सगळ्या तारखा एका कागदावर लिहून समोर चिकटवा, काम करताना सारख्या लागतात.

कुठले पैसे मोजायचे ते ठरवा

इथे सगळ्यात जास्त लोक गडबडतात, म्हणून जरा सविस्तर.

सीएफएपीचा पहिला टप्पा, दुसरा टप्पा, आणि २०२१ चं वाढीव पेमेंट (मका-सोयाबीनसारख्या पिकांना एकरी २० डॉलर, गुरांना डोक्यामागे जास्तीचे काही) हे तर घ्यायचेच. त्याशिवाय छोट्या योजना आहेत: मारून टाकाव्या लागलेल्या जनावरांची भरपाई देणारी पॅन्डेमिक लाइव्हस्टॉक इन्डेम्निटी, खुल्या बाजारात डुकरं विकणाऱ्यांसाठीची स्पॉट मार्केट हॉग योजना (डुकरामागे ५४ डॉलर, जास्तीत जास्त १० हजार डुकरं), दूधवाल्यांसाठीची मार्केट व्होलॅटिलिटी योजना, आणि २०२३ मध्ये आलेली पार्प, ज्यात २०२० चं उत्पन्न २०१८ किंवा २०१९ पेक्षा किमान १५ टक्के घटलेलं असायला हवं होतं.

हे झालं कृषी खात्याचं. पीपीपी आणि ईआयडीएल या छोट्या धंद्यांसाठीच्या दोन कर्जयोजना स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडून (एसबीए) आल्या, त्यांच्या फाईल्स वेगळ्या. त्यांच्याकडे नंतर वळू.

आणि काय घ्यायचं नाही? २०२० च्या फाईलमध्ये चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाच्या भरपाईचा, म्हणजे एमएफपीचा, शेवटचा हप्ता आहे, तो फेब्रुवारीत सुटला, त्याचा कोरोनाशी संबंध नाही. ऑक्टोबरमध्ये सीआरपीचं (जमीन पिकाखाली न आणण्याबद्दलचं) भाडं आणि एआरसी-पीएलसीचे (भाव किंवा उत्पन्न पडलं तर मिळणारे) पैसे दरवर्षीच येतात, तेही कोरोनाचे नाहीत. २०२० ची सगळी बेरीज मारून "एवढा कोरोनाचा पैसा मिळाला" असं लिहिणारे मी बरेच बघितलेत, आणि मग एखाद्या शेतकऱ्याने बोट दाखवलं की आख्खा लेख पडतो.

फाईल कुठून घ्यायची

पैसे वाटणारं खातं म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सी, सगळे एफएसए म्हणतात. काउंटी पातळीवर हिचं ऑफिस असतं आणि शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली एक कमिटी असते. एफएसएच्या साईटवर पेमेंट फाईल्स नावाचं पान आहे, तिथे वर्षवार एक्सेल फाईल्स मिळतात. २०२० ते २०२३ अशी चारही वर्षं उतरवून घ्या. फाईल्स जड आहेत, जुन्या लॅपटॉपवर उघडताना दम लागेल, तेव्हा आधी आयोवा तेवढं गाळून वेगळी फाईल सेव्ह करा आणि मूळ फाईलला हात लावू नका.

कॉलम साधारण असे दिसतील: राज्याचं आणि काउंटीचं नाव व कोड, पैसे घेणाऱ्याचं नाव, पत्ता, गाव, झिप कोड, रक्कम, पेमेंटची तारीख, योजनेचा कोड, योजनेचं नाव, योजनेचं वर्ष.

घाई असेल तर एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुपचा फार्म सबसिडीचा डेटाबेस आहे, काउंटी निवडली की यादी समोर येते. पहिली नजर टाकायला उत्तम. पण छापायचा आकडा मूळ फाईलवरूनच काढा, कारण त्यांनी कुठल्या योजना कुठे जोडल्यात ते तुम्हाला उत्तर देताना सांगता आलं पाहिजे.

गाळणी लावताना

राज्य आणि काउंटी दोन्ही लावा. सू नावाच्या काउंट्या नेब्रास्का आणि नॉर्थ डकोटातही आहेत. आणखी एक, सू सिटी हे शहर सू काउंटीत नाहीच, ते बहुतेक सगळं वुडबरी काउंटीत येतं, म्हणून गावाच्या नावावरून शोधायला गेलात तर भलतीच यादी हातात येईल.

फाईलमधली काउंटी म्हणजे जिथल्या एफएसए ऑफिसात त्या शेताचे कागद आहेत ती. पत्ता मात्र माणसाचा. म्हणजे जमीन सू काउंटीत आणि मालक हिवाळा काढायला अ‍ॅरिझोनात, अशा ओळी निघणारच. दोन वेगळ्या बेरजा ठेवा, एक काउंटी ऑफिसवरून आणि एक पत्त्यावरून, आणि लिहिताना कुठली वापरली ते सांगा.

मग योजनेच्या नावाचा कॉलम घ्या आणि त्यातली सगळी वेगवेगळी नावं एका शीटवर काढा. सरळ "सीएफएपी" असा शोध मारून मोकळं होऊ नका, त्याच मदतीचे पैसे वेगवेगळ्या कायद्याच्या खात्यातून गेल्यामुळे नावं एकसारखी नसतात. यादीतल्या प्रत्येक नावापुढे हो किंवा नाही लिहा, शंका असेल तिथे तारीख बघा, तारखेवरून बहुतेक वेळा उलगडतं. उणे रक्कम दिसली तर ओळ डिलीट करू नका, ती परतफेड किंवा दुरुस्ती धरून बेरजेत ठेवा.

एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या म्हणून दुबार समजू नका. पहिल्या टप्प्यात आधी ८० टक्के रक्कम दिली आणि उरलेली २० टक्के ऑगस्ट २०२० मध्ये सोडली. तेव्हा जूनमध्ये ४१,६०० आणि ऑगस्टमध्ये १०,४०० अशी जोडी दिसली तर तो एकच ५२,००० चा अर्ज आहे.

रकमेमागचं गणित

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथूनच कळतं की पैसे कशाच्या मापाने मोजले गेले.

पहिल्या टप्प्यात डुकरांचा हिशोब असा होता. १५ जानेवारी ते १५ एप्रिल २०२० मध्ये विकलेलं १२० पौंडांच्या आतलं पिल्लू असेल तर २८ डॉलर, त्यावरचं डुक्कर असेल तर १८ डॉलर. आणि १६ एप्रिल ते १४ मे या काळात गोठ्यात असलेल्या सगळ्यात मोठ्या संख्येवर डोक्यामागे १७ डॉलर. समजा एकाने मोठी १,००० डुकरं विकली आणि २,००० गोठ्यात होती, तर १८,००० अधिक ३४,००० म्हणजे ५२,००० डॉलर, वरचीच रक्कम. कत्तलीला तयार गुरासाठी विक्रीवर २१४ डॉलर आणि गोठ्यातल्यावर ३३. दुधाला पहिल्या तिमाहीच्या उत्पादनावर शंभर पौंडांमागे ४.७१ डॉलर आणि दुसऱ्या तिमाहीचा अंदाज धरून आणखी साधारण दीड.

मक्याचं जरा किचकट. २०१९ च्या उत्पादनाचा अर्धा भाग, किंवा १५ जानेवारीला भाव न ठरलेला जो मका हातात होता तो, यातला छोटा आकडा घ्यायचा, त्याचं अर्धं करायचं, मग एका निधीतून ३२ सेंट आणि दुसऱ्यातून ३५ सेंट असे मिळून ६७ सेंटनी गुणायचं. ४०,००० बुशेल (धान्याचं अमेरिकन माप, मक्याचे सुमारे २५ किलो) पिकवले आणि १२,००० शिल्लक होते तर १२,००० चे अर्धे ६,००० गुणिले ६७ सेंट, म्हणजे ४,०२० डॉलर. ज्याने हिवाळ्याआधीच सगळा मका विकून टाकला किंवा भाव बांधून घेतला त्याला शून्य.

दुसऱ्या टप्प्यात नियम बदलले. डुकराला २३ डॉलर, मांसाच्या गुराला ५५, १६ एप्रिल ते ३१ ऑगस्ट यातल्या तुम्ही निवडाल त्या तारखेच्या संख्येवर, पैदाशीची जनावरं सोडून. मक्याला आता शिल्लक माल नाही तर एकर मोजले: एकर गुणिले उतारा गुणिले ४० टक्के गुणिले ५८ सेंट, पण एकरी किमान १५ डॉलर. २०० बुशेलचा उतारा धरला तर एकरी ४६ डॉलर ४० सेंट, म्हणजे ५०० एकरवाल्याला २३,२०० डॉलर. भाजीपाला-फळांसारख्या मालाला २०१९ च्या विक्रीची टक्केवारी, छोट्या विक्रीला १०.६ टक्क्यांपासून सुरू होऊन दहा लाखांच्या वरच्या भागाला ८.८ टक्के.

पिव्होट टेबल करून नुसती "टॉप टेन" काढली तर चीड येते फक्त, गणित सोबत असेल तर कारण दिसतं. डोकी, बुशेल, दुधाचे पौंड, एकर, विक्री, एवढ्याच गोष्टी मोजल्या. कुणाचं खरंच किती नुकसान झालं, कुणाचं घर कर्जात गेलं, याला त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. २०२० च्या शरद ऋतूत मक्याचे भाव परत चढले तेव्हाही दुसऱ्या टप्प्याचे पैसे येतच होते. शेतकऱ्यांनी लबाडी केली असा त्याचा अर्थ होत नाही, त्यांनी नियमाप्रमाणे फॉर्म भरला, प्रश्न नियमाचा आहे.

मर्यादा आणि कंपन्यांची नावं

दर माणशी २,५०,००० डॉलरची मर्यादा होती आणि ती दोन्ही टप्प्यांना वेगवेगळी. म्हणून यादीत बरोबर २,५०,००० अशी रक्कम दिसेल तिथे थांबा, तो माणूस मर्यादेला टेकलाय. नुसती डुकरं धरली तर दुसऱ्या टप्प्यात साधारण १०,८७० डुकरांना ही मर्यादा लागते. कॉर्पोरेशन, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) किंवा लिमिटेड पार्टनरशिप असेल आणि त्यातले तीन भागीदार प्रत्येकी किमान ४०० तास शेतावर काम किंवा व्यवस्थापन करत असतील, तर मर्यादा ७,५०,००० पर्यंत जाते. सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर असेल तर पैसे नाहीत, मात्र त्यातलं ७५ टक्के शेतीतून असेल तर चालतं.

त्यामुळे एकाच पत्त्यावर बापाचं नाव, मुलाचं नाव आणि एका एलएलसीचं नाव असं तिन्ही दिसू शकतं. पत्त्यावरून गट करून बघा, पण लगेच "एकाच घरात तीनदा लाटले" असं लिहू नका. वेगवेगळी शेतं खरंच असू शकतात. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साईटवर कंपनीची नोंदणी बघता येते, ते करा, आणि शक्य असेल तर त्या घरी फोन करून विचारा.

यादीत जे नाहीत त्यांना शोधा

हे करायला कंटाळू नका, इथे खरी गोष्ट असते.

कृषी खात्याची नॅस ही संस्था दर पाच वर्षांनी शेतीची गणना करते, २०१७ आणि २०२२ ची काउंटीवार माहिती फुकट मिळते. काउंटीत शेतं किती, डुकरं असलेली किती, विक्रीप्रमाणे लहान-मोठी किती हे तिथून घ्या आणि तुमच्या यादीतल्या नावांच्या संख्येशेजारी ठेवा. एक शेत म्हणजे एक नाव असं तंतोतंत जुळणार नाही, तरी अंतर किती मोठं आहे ते कळतं.

मग विचारा, राहिलं कोण. सू काउंटीसारख्या ठिकाणी बरीच डुकरं गोठेवाल्याच्या मालकीची नसतातच. मोठ्या कंपनीची पिल्लं येतात, हा माणूस कर्ज काढून बांधलेल्या गोठ्यात ती वाढवतो, त्याला जागेचे किंवा डोक्यामागे ठरलेले पैसे मिळतात. सीएफएपीची अट होती की मालाच्या भावाची जोखीम तुमची हवी, आणि जोखीम कागदावर मालकाची. म्हणून कारखाने बंद झाल्यावर ज्यांच्याकडे पुढची बॅच आलीच नाही, गोठा रिकामा आणि बँकेचा हप्ता चालू, त्या कॉन्ट्रॅक्ट ग्रोअरला २०२० मध्ये यातून काही मिळालं नाही. डिसेंबर २०२० च्या कायद्यात त्यांची सोय झाली, प्रत्यक्ष नियम २०२१ च्या ऑगस्टमध्ये आले, आणि घटलेल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत मदत मागता आली, तीही १२ ऑक्टोबरच्या आत. तुमच्या फाईलमध्ये २०२१ च्या शेवटाकडची पेमेंट्स वेगळी काढून बघा, आणि दीड वर्ष या लोकांनी कसं काढलं ते त्यांना विचारा.

रोख भाड्याने जमीन देणाऱ्या मालकाला पैसे नव्हते, वाट्याने देणाऱ्याला त्याच्या वाट्यापुरते होते. आणि कत्तलखान्यातला, गोठ्यातला मजूर या यादीत कुठेच नाही, ती योजना त्याच्यासाठी नव्हतीच. तुमच्या लेखात त्याच्यासाठी दोन ओळी तरी असू द्या.

पीपीपीची फाईल

एसबीएच्या साईटवर प्रत्येक कर्जाची ओळ आहे, घेणाऱ्याचं नाव, काउंटी, रक्कम, किती माफ झालं, आणि धंद्याचा नॅक्स कोड. १११ ने सुरू होणारा कोड म्हणजे पिकं, ११२ म्हणजे जनावरं, त्यात ११२२१० डुकरं आणि ११२११२ फीडलॉट. २०,८३३ हा आकडा परत परत दिसेल, घाबरू नका, नोकर नसलेल्या एकट्या शेतकऱ्यासाठी तीच कमाल होती: वर्षाचे १,००,००० धरून महिन्याचं सरासरी गुणिले अडीच. इथे २०२१ पासून निव्वळ नफ्याऐवजी एकूण उत्पन्नावर हिशोब करायला परवानगी मिळाली, म्हणून तोट्यातल्या शेतांनाही कर्ज मिळालं आणि कॉन्ट्रॅक्ट ग्रोअरनाही. सीएफएपीच्या यादीतलं नाव इथे जुळवताना स्पेलिंग, मधलं अक्षर, "फार्म्स" की "फार्म" यात वेळ जातो. जुळलं नाही तर जबरदस्तीने जुळवू नका.

नावं छापायची का

यादी उघड आहे, म्हणून शेजाऱ्याचं नाव आणि घराचा पत्ता सोशल मीडियावर टाकायला हरकत नाही असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. मोठ्या कंपनीचं किंवा निवडून आलेल्या माणसाचं नाव द्यायला कारण असतं. बाकी ठिकाणी गट करून सांगा: वरच्या दहा टक्के नावांना एकूण रकमेचा किती हिस्सा, मधल्याला, म्हणजे यादी रकमेप्रमाणे लावल्यावर बरोबर मध्यावर येणाऱ्याला, किती. सरासरी देऊ नका, दोन-चार मोठ्या रकमा ती वर खेचतात.

फाईलमध्ये नसलेलं मागायचं असेल तर

कुणी किती डुकरं लिहून दिली, कुठल्या शेताचे किती एकर, हे तुम्हाला मिळणार नाही. २००८ च्या फार्म बिलातलं कलम १६१९ शेतकऱ्याने दिलेली अशी माहिती झाकून ठेवतं, रक्कम आणि नाव मात्र उघड ठेवतं. अमेरिकन संसदेच्या जीएओ या तपासणी संस्थेने २०२२ मध्ये याच योजनेच्या पेमेंटची जास्त कडक तपासणी व्हावी अशी शिफारस केली होती, ते वाचून जा, अर्जात नेमकं काय मागायचं ते सुचतं.

माहितीचा अर्ज, म्हणजे फोइया, कोणीही करू शकतो, अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. नावं मागू नका. काउंटीवार अर्ज किती आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि कुठल्या कारणाने, किती जणांना पैसे परत करायला सांगितले, अशा एकत्रित आकड्यांवर कलम १६१९ आड येत नाही. योजना, टप्पा आणि तारखा स्पष्ट लिहा, उत्तर एक्सेलमध्ये हवं असं लिहा, फी किती डॉलरपर्यंत भरायची तयारी आहे तेही लिहा, आणि मिळालेला अर्ज क्रमांक जपून ठेवा, पुढचा सगळा पाठपुरावा त्याच क्रमांकावर चालतो.